डोळ्यांचे दावे परत येतात आणि अहवालात सगळीकडे ‘एच २६.९’ दिसतो: चूक कुठे होते आणि ती कशी काढायची

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या टेबलावर एक गठ्ठा परत येतो. शस्त्रक्रियेचा खर्च देणाऱ्या आरोग्य योजनेकडे पाठवलेले दावे असतात आणि प्रत्येकाला क्वेरी लागलेली असते: ‘निदान व शस्त्रक्रिया जुळत नाही.’ ‘कोणता डोळा ते कळवा.’ ‘या डोळ्याची शस्त्रक्रिया आधीच झालेली दिसते.’ दोन-तीन दिवस केसपेपर शोधण्यात जातात, डॉक्टरांच्या मागे फिरावं लागतं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ट्रस्टच्या नेत्र रुग्णालयात रेकॉर्ड विभागात काम करते. सोयाबीन निघून कापूस वेचणीला लागला की शिबिरं सुरू होतात. थंडीत डोळ्याचं ऑपरेशन चांगलं, असं गावोगाव अजून मानतात, त्यामुळे दिवाळीनंतर तर श्वास घ्यायला फुरसत नसते. याच दिवसांत कोड सर्वांत जास्त चुकतात. हे लिहिते आहे ते माझ्यासारख्यांसाठी: ग्रामीण रुग्णालयातले नोंदणी कर्मचारी, नेत्र चिकित्सा अधिकारी, आणि शिबिरात वही घेऊन बसवलेली नवी मुलं.

एक गोष्ट आधीच सांगते. इथे मी कोडातली अक्षरं ‘एच’, ‘ई’, ‘एस’ अशी देवनागरीत लिहिली आहेत. संगणकात मात्र इंग्रजी अक्षर आणि इंग्रजी आकडेच टाकायचे. हे सगळे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मधले, म्हणजे रोगांच्या आणि इजांच्या कोडांच्या यादीतले आहेत.

आधी दुखणं ओळखा

मागच्या महिन्याची यादी उघडा आणि ती कोडाप्रमाणे लावा. मोतीबिंदूच्या बहुतेक ओळी एच २६.९ असतील, लाल डोळ्याच्या बहुतेक एच १०.९ असतील, तर तुमच्याकडेही हेच दुखणं आहे. टिंबानंतरचा ९ म्हणजे ‘तपशील दिलेला नाही’. एखाद्या केसपेपरवर खरंच तपशील नसतो, तेव्हा ९ योग्यच असतो. पण महिनाभराचे सगळेच पेशंट तपशिलाविना कसे असतील? डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) प्रत्येकाचा डोळा पाहिलेला असतो. तपशील डॉक्टरांच्या डोळ्यांनी पाहिला, पण तो आमच्या बोटांपर्यंत आला नाही. मधे कुठेतरी गळाला. तो कुठे गळतो तेवढंच शोधायचं आहे.

पहिली गळती: शोधायची चौकट

सॉफ्टवेअरमध्ये ‘कॅटरॅक्ट’ टाइप केलं की खाली लांब यादी उघडते. पेशंट रांगेत उभे असतात, लाइट कधी जाईल याचा भरवसा नसतो. मग ज्याच्यापुढे काही जोडलेलं नाही, ते साधं ‘कॅटरॅक्ट, अनस्पेसिफाइड’ निवडलं जातं. तेच एच २६.९. सवय लागली की बोट आपोआप तिथे जातं.

मोतीबिंदूची घरं दोन आहेत, हे लक्षात आलं तर अर्धं काम झालं. वयामुळे होणारा मोतीबिंदू एच २५ मध्ये जातो. बाकीचे एच २६ मध्ये: लहान वयातला आणि म्हातारपणाआधीच आलेला (२६.०), मार लागून झालेला (२६.१), डोळ्याच्या दुसऱ्या आजारातून आलेला (२६.२), औषधामुळे झालेला (२६.३). जन्मतःच असलेला यात कुठेच नाही, तो क्यू १२.० वर आहे. म्हणजे सत्तरीच्या आजोबांना एच २६.९ दिलं की आपण त्यांना घरच चुकीचं दिलं, मजला तर पुढची गोष्ट.

एच २५ च्या आत मग प्रकार पाहायचा. मधला गाभा पिवळा-तपकिरी झालेला न्यूक्लिअर असेल तर २५.१. बाहेरच्या थरातला कॉर्टिकल किंवा लेन्सच्या मागच्या पिशवीलगतचा, ज्याला डॉक्टर ‘पीएससी’ लिहितात, तो वयामुळे असेल तर २५.०. अति पिकून आतलं पातळ झालेला मॉर्गॅनियन २५.२. दोन-तीन प्रकार एकत्र असतील तर २५.८. काहीच लिहिलेलं नसेल तर २५.९.

दुसरी गळती: केसपेपरवरचं अपुरं निदान

आमच्याकडे सर्वांत जास्त दिसणारं निदान म्हणजे ‘एसआयएमसी’, सेनाइल इमॅच्युअर कॅटरॅक्ट. यात ‘सेनाइल’ आहे, म्हणून घर एच २५ हे नक्की. पण ‘इमॅच्युअर’ ही पिकण्याची पायरी झाली, त्यातून प्रकार कळत नाही. पुष्कळजण इमॅच्युअर म्हणजे सुरुवातीचा असं समजून २५.० टाकतात, कारण त्या ओळीत ‘इन्सिपियंट’ शब्द दिसतो. ती चूक आहे. ऑपरेशनला घेतलेला इमॅच्युअर मोतीबिंदू सुरुवातीचा नसतो. फक्त ‘एसआयएमसी’ एवढंच असेल तर प्रामाणिक कोड एच २५.९. त्याच्या पुढे ‘एनएस ग्रेड ३’ (एनएस म्हणजे न्यूक्लिअर स्क्लेरोसिस) लिहिलेलं सापडलं, तर तो न्यूक्लिअर, मग २५.१. हे ‘एनएस’ बहुतेक वेळा निदानाच्या रकान्यात नसतं, वर तपासणीत लेन्सच्या पुढे बारीक अक्षरांत असतं. पान वरून वाचायची सवय लावून घ्या.

‘ओडी’ ने आम्हाला पुष्कळ छळलं आहे. डोळ्याच्या भाषेत ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा, ओयू दोन्ही. पण औषधांच्या भाषेत ओडी म्हणजे दिवसातून एकदा. डाव्या डोळ्याच्या पेशंटच्या कागदावर ‘ड्रॉप्स ओडी’ वाचून नव्या मुलाने संगणकात उजवा डोळा टाकला. संमतीपत्रावर डावा, दाव्यात उजवा. क्वेरी लागणारच. आता आमच्याकडे डॉक्टर ‘आरई’ आणि ‘एलई’ लिहितात, आणि आम्ही शेजारी मराठीत ‘उजवा’ किंवा ‘डावा’ लिहितो. पेशंटला समोर विचारूनच लिहितो.

डोळ्याच्या बाजूवरून आणखी एक घोळ होतो. इंटरनेटवर कोड शोधला की एच २५.१३ किंवा एच २५.११ असे लांब कोड सापडतात. ते अमेरिकेत वापरतात त्या आवृत्तीचे आहेत. तिथे पुढच्या आकड्यात बाजू असते: १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही. आपल्याकडे वापरतात त्या मूळ आयसीडी-१० मध्ये न्यूक्लिअर मोतीबिंदू २५.१ वरच संपतो. बाजू कोडात येत नाही, ती वेगळ्या रकान्यात लिहावी लागते. कोणीतरी मोबाइलवर पाहून लांब कोड टाकतो, सॉफ्टवेअर तो घेत नाही, मग तो कंटाळून परत २६.९ वर जातो. आमच्या भिंतीवर आता एकच छापील तक्ता आहे. मोबाइलवर कोड शोधायचा नाही, असं आम्ही आपापसात ठरवून टाकलं.

आजींचा ‘परत आलेला’ मोतीबिंदू

मागच्या पौषातली गोष्ट. आर्णी भागातून एक आजी नातवाच्या मोटारसायकलवर आल्या. खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, “बाई, माह्या डोयाचं ऑपरेशन तीन सालाआधी झालं व्हतं. आता मोतीबिंदू परत आला ना. मले काईच धड दिसत नाई.”

नोंदणीवरच्या मुलीने ऐकलं तसं टाकलं: मोतीबिंदू, उजवा डोळा. पुढे डॉक्टरांनी तपासलं. ऑपरेशनमध्ये बसवलेली लेन्स जागेवर व्यवस्थित होती, तिच्या मागची पिशवी धूसर झाली होती. ऑपरेशननंतर काही जणांना हे होतं. लेसरने त्या पडद्याला मधोमध छोटी खिडकी पाडतात आणि नजर मोकळी होते. त्याच दिवशी लेसर झालं. आजी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागल्या. तारखा वाचता येत होत्या याचाच त्यांना आनंद.

दावा मात्र परत आला: या डोळ्यात कृत्रिम लेन्स आधीच आहे, मग मोतीबिंदू कुठून? योजनेवाल्यांचंही बरोबर होतं. डोळ्यातली मूळ लेन्स काढली की मोतीबिंदू परत येत नाही. आजींना झालं होतं त्याचं नाव आफ्टर-कॅटरॅक्ट, कोड एच २६.४. आणि डोळ्यात कृत्रिम लेन्स आहे हे सांगायला जोडीला झेड ९६.१.

गावात ‘मोतीबिंदू परत आला’ हेच म्हणतात, आणि म्हणणार. ते त्यांचं बोलणं आहे, त्यात काही चूक नाही. नोंदणीवर आपण एक प्रश्न वाढवायचा: “आजी, या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे का? लेन्स बसवली का?” उत्तर ‘हो’ असेल तर त्या डोळ्याला एच २५ देणं थांबवा आणि डॉक्टरांची वाट बघा. हा एक प्रश्न लावल्यापासून ‘आधीच शस्त्रक्रिया झालेली’ ही क्वेरी आमच्याकडे जवळजवळ बंद झाली.

असंच एक बोलणं म्हणजे ‘डोयात पडदा आला’. त्यात मोतीबिंदू, काचबिंदू, फूल पडणं, मांस वाढणं, रेटिना (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) सुटणं, काहीही असू शकतं. ‘पडदा’ ऐकून कोड द्यायचाच नाही. मांस वाढणं म्हणजे टेरिजियम, एच ११.०, उन्हात आणि धुळीत राबणाऱ्या माणसांत ते इथे रोज दिसतं. फूल पडणं म्हणजे काळ्या भागावरचा जुना पांढरा डाग, एच १७. बाहुलीच्या समोर मधोमध असेल तर १७.१.

तिसरी गळती, आणि माझ्या मते सर्वांत महागाची: शेतातला डोळा

हे जरा सविस्तर लिहिते, कारण यात नुसता दावा अडकत नाही, डोळा जातो.

तूर काढताना तुराटीचं टोक डोळ्यात बसतं. पऱ्हाटी (कापसाचं वाळलेलं झाड) उपटताना काडी उडते. गहू-धानाचं कुसळ जातं. माणूस डोळा चोळतो, पाण्याने धुतो, दोन दिवस तसाच कामाला जातो. मग डोळा लाल होतो, आणि तो कोणाकडून तरी थेंब आणून टाकतो. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर आधी बरं वाटतं आणि आत बुरशी फोफावते. झाडपाल्याच्या इजेतून बुरशीची जखम होते, हे इथल्या प्रत्येक डोळ्याच्या डॉक्टरला माहीत आहे.

आमच्याकडे एक शेतमजूर अशाच लाल डोळ्याने आला. पहिल्या दिवशी ओपीडीत नोंद झाली ‘लाल डोळा’, कोड एच १०.९, म्हणजे डोळे येणे. चार दिवसांनी काळ्या भागावर पांढरी जखम दिसली, डॉक्टरांनी ‘कॉर्निअल अल्सर’ लिहिलं. पण संगणकात जुनीच भेट पुढे चालू ठेवली होती, त्यामुळे कोड बदललाच नाही. महिन्याच्या अहवालात तो ‘डोळे येणे’ मध्ये मोजला गेला. त्या हंगामातले आणखी काही अल्सर असेच गेले. मग औषधांची मागणी करायची वेळ आली तेव्हा अहवालात अल्सर जवळपास नव्हतेच, म्हणून नॅटामायसिनचे, म्हणजे बुरशीवरचे थेंब कमी मागवले गेले. ते संपले तेव्हा एका बाईंना थेंबांसाठी यवतमाळला जावं लागलं. एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं घालवून. मला तो दिवस विसरता येत नाही. कोड हा कागदावरचा आकडा असला तरी त्याच्यावरून कपाटात काय असेल ते ठरतं.

आता आम्ही असं करतो. डोळ्यात काही गेल्याचं सांगितलं तर पहिला प्रश्न: ‘अजून आत आहे का?’ कॉर्नियात (काळ्या भागावरच्या पारदर्शक पडद्यात) असेल तर टी १५.०, पापणीखाली असेल तर टी १५.१. आत काही नाही, फक्त खरचटलं आहे, तर एस ०५.०. डोळा फाटून आतलं बाहेर आलं असेल तर एस ०५.२. या इजा एच मध्ये नाहीत, हे ध्यानात ठेवा. यादीतलं डोळ्याचं प्रकरण एच ०० ते एच ५९, पण ताजी इजा त्याच्या बाहेर, एस आणि टी मध्ये राहते. जखम झाली, पू धरला, अल्सर झाला, की मग एच १६.०. जखम भरून डाग राहिला तर एच १७. एकाच माणसाचा डोळा असा तीन महिन्यांत तीन कोडांतून जातो, आणि प्रत्येक भेटीला त्या दिवशीचा कोड द्यायचा असतो. जुनी भेट ‘कॉपी’ करू नका.

आणि कशामुळे झालं तेही लिहायचं. काटा, काडी, धारदार पान यांचा मार असेल तर डब्ल्यू ६०; डोळ्यात बाहेरची वस्तू शिरली असेल तर डब्ल्यू ४४. टिंबानंतरचा आकडा जागेचा असतो आणि शेतासाठी तो ७ आहे. म्हणजे वावरात तुराटी लागली तर डब्ल्यू ६०.७. हा कारणाचा कोड एकटा कधी द्यायचा नाही, इजेच्या मागे जोडायचा. पुष्कळजण तो सोडून देतात, कारण दाव्याला तो लागत नाही. माझी कळकळीची विनंती आहे, सोडू नका. तुरीच्या हंगामात किती डोळे शेतात गेले, हे तालुक्याला दुसऱ्या कुठल्या कागदावरून कळणार आहे?

फवारणीचंही तसंच. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते वर्ष इथे कोणी विसरलेलं नाही. औषध डोळ्यात उडून कॉर्निया भाजला असेल तर टी २६.६. अंगात विष भिनलं असेल तर टी ६०, त्यातही ऑर्गॅनोफॉस्फरस गटाचं असेल तर टी ६०.०. कारण म्हणून एक्स ४८. डबा किंवा पाकीट सोबत आणायला सांगा, गट त्यावर छापलेला असतो.

खर्ऱ्याचा (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा) चुनाही या घरातला. चुन्याची ट्यूब किंवा पुडी लेकरू हातात दाबतं आणि चुना फसकन डोळ्यात उडतो. हा अल्कलीचा भाजलेला डोळा आहे, कोड टी २६.६. तो ‘डोळे येणे’ नाही, आणि अशा लेकराला नोंदणीच्या रांगेत उभं करायचं नाही. आधी भरपूर पाण्याने डोळा धुवायचा, कागद नंतर.

डोळे येण्याची साथ

२०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते, आमच्याकडेही ओपीडी भरून वाहत होती. तेव्हा सगळे एच १०.९ मध्ये गेले. डॉक्टरांनी ‘व्हायरल’ लिहिलं असेल तर ते बी ३० मध्ये जायला हवं. विषाणू कोणता ते सांगितलं नसेल तर बी ३०.९. म्हणजे साथीचे पेशंट वेगळे मोजता येतात. एच १० मध्ये धूळ-परागाची ॲलर्जी (१०.१) आणि पू येणारे डोळे (१०.०) असे वेगळे आहेत. ॲलर्जीचं मूल आणि साथीचं मूल एका ओळीत बसवलं तर शाळेला काय सांगणार?

रांजणवाडी एच ००.०, न दुखणारी कलेझियनची गाठ एच ००.१. चाळिशी एच ५२.४, लांबचा चष्मा मायोपियासाठी असेल तर एच ५२.१. यांत फार चुका होत नाहीत.

मधुमेह: दोन कोड, आणि त्यांचा क्रम

मधुमेहामुळे रेटिना खराब झाला असेल तर कोड जोडीने येतात. टाइप २ असेल तर ई ११.३ आणि एच ३६.०. पुस्तकात पहिल्यापुढे कट्यारीची खूण असते आणि दुसऱ्यापुढे ताऱ्याची. कट्यार म्हणजे मूळ रोग, तारा म्हणजे त्याचं डोळ्यातलं रूप. ताऱ्याचा कोड कधीही एकटा द्यायचा नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये डोळ्यांच्या विभागातून एच ३६.० सहज मिळतो आणि ई ११.३ साठी दुसऱ्या विभागात जावं लागतं, म्हणून तो राहून जायचा. आता दोन्ही भिंतीवरच्या तक्त्यात एका ओळीत लिहून ठेवले आहेत.

उलटी चूकही होते. पेशंटला शुगर आहे आणि मोतीबिंदूही आहे, म्हणून लगेच ‘डायबेटिक कॅटरॅक्ट’ (एच २८.०) टाकतात. सत्तर वर्षांच्या माणसाला शुगर असली तरी मोतीबिंदू वयाचाच असू शकतो. डॉक्टरांनी स्वतः ‘डायबेटिक कॅटरॅक्ट’ लिहिलं असेल तरच २८.०. नाहीतर एच २५ चा योग्य कोड, आणि शुगरचा कोड वेगळा.

काचबिंदू

शिबिरात डोळ्याचं प्रेशर जास्त लागलं की कागदावर प्रश्नचिन्ह टाकून ‘ग्लॉकोमा?’ लिहितात. प्रश्नचिन्ह असेल तर कोड एच ४०.०, म्हणजे संशयित. पक्कं निदान झाल्यावरच ४०.१ किंवा ४०.२. एकदा ‘काचबिंदू’ म्हणून नोंद झालेला माणूस गावात तसाच सांगत फिरतो, आणि घरच्यांचा घोर वाढतो.

अति पिकलेल्या मोतीबिंदूमुळे प्रेशर चढून डोळा ठणकायला लागतो, उलट्या होतात. तो रात्री-बेरात्री येणारा पेशंट. त्याला दोन कोड लागतात: दुसऱ्या आजारामुळे आलेला काचबिंदू एच ४०.५ आणि मोतीबिंदूचा एच २५.२. नुसता मोतीबिंदू लिहिला तर तातडी का होती, हे दाव्यावरून कोणालाच कळत नाही.

नजरेचा रकाना

अंधत्वाचा कोड एच ५४, आणि यात सर्वांत जास्त गोंधळ आवृत्तीमुळे होतो. जुन्या छापील पुस्तकात एच ५४.१ म्हणजे एका डोळ्याला अंधत्व आणि दुसऱ्याची नजर कमी. २०१० ची आवृत्ती पाहिली तर तोच ५४.१ म्हणजे दोन्ही डोळ्यांची तीव्र दृष्टिहीनता. कपाटातलं पुस्तक कोणत्या सालचं आहे, ते आजच उघडून बघा.

नव्या मोजणीत ३/६० पेक्षा कमी नजर म्हणजे अंधत्व. बरोबर ३/६० असेल तर ते तीव्र दृष्टिदोषात जातं. ‘बोटं मोजतो’ एवढंच लिहिलं तर कोड देता येत नाही, किती मीटरवरून ते हवंच. तीन मीटरवरून मोजत असेल तर ढोबळ ३/६०, एक मीटरवरून असेल तर अंधत्व. दोन्ही डोळे असे असतील तर ५४.०, एकच असेल आणि दुसरा बरा असेल तर ५४.४. ज्या रोगाने नजर गेली तो कोड सोबत द्यायचाच. फूल पडून एक डोळा गेला असेल तर एच १७.१ आणि एच ५४.४.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातही अंधत्वाची व्याख्या २०१७ मध्ये बदलली. आधी चांगल्या डोळ्याची नजर ६/६० पेक्षा कमी असली की अंध धरत, आता ३/६० पेक्षा कमी. २०१५ च्या वहीतले आणि आजचे आकडे शेजारी ठेवून ‘अंध कमी झाले’ असं लिहू नका. वही बदलली नसली तरी मोजपट्टी बदलली आहे.

आम्ही काय बदललं

एक रबरी शिक्का बनवून घेतला. केसपेपरवर तो मारला की चार रिकाम्या जागा दिसतात: डोळा, प्रकार, कशामुळे, नजर. डॉक्टर निदान लिहिताना त्या भरतात. सुरुवातीला त्यांना त्रासच वाटला, दिवसाला शंभरावर पेशंट असताना आणखी चार शब्द लिहायचे. मग परत आलेला गठ्ठा मी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि प्रत्येक क्वेरीखाली कोणती जागा रिकामी होती ते लाल पेनाने लिहिलं. त्यानंतर त्यांनी स्वतःहून भरायला सुरुवात केली.

जागा रिकामी असेल तर आम्ही अंदाज करत नाही. केसपेपर बाजूला काढतो, संध्याकाळी डॉक्टर शस्त्रक्रिया आटोपून आले की एकदम विचारतो. रेकॉर्डवाल्याने निदान ठरवायचं नसतं, कितीही वर्षं काम केलं असलं तरी.

शिबिरासाठी वेगळा नियम केला. गावात नुसती तपासणी होते आणि काही निघत नाही, त्याला रोगाचा कोड लावायचा नाही; डोळे तपासणीचा झेड ०१.० किंवा चाचणी शिबिराचा झेड १३.५. मोतीबिंदू निघाला तर रोगाचा कोड. पूर्वी शिबिराच्या वहीतली सगळी नावं एच २६.९ मध्ये जात होती, धडधाकट माणसंसुद्धा.

आयसीडी-११ बद्दल हल्ली खूप विचारतात. ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, तिच्यात डोळ्यांचं प्रकरण नववं आहे आणि मोतीबिंदू ९बी१० वर आहे. बाजूसाठी तिच्यात वेगळे जोडकोड आहेत, म्हणजे आपला जुना त्रास तिथे सुटतो. पण तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अजून १० चालू असेल तर ११ चे कोड मधेच घुसवू नका. एका महिन्यात दोन्ही मिसळले की अहवाल कोणालाच जुळवता येत नाही.

जुन्या नोंदी सुधारायच्या असतील तर सगळ्या वर्षाच्या मागे लागू नका. आधी फक्त डोळ्याच्या जखमांचे केसपेपर काढा, एच १०.९ मध्ये पडलेले. तुरीचा आणि पऱ्हाटीचा हंगाम, साधारण डिसेंबर ते मार्च, एवढेच महिने घ्या. प्रत्येक कागदावर डॉक्टरांचं शेवटचं निदान वाचा आणि तोच कोड द्या, खाली तारीख आणि तुमची सही. आम्ही रोज दुपारच्या जेवणानंतर वीस कागद करतो. मागच्या वर्षीचा जानेवारी सध्या चालू आहे.